पाणी लागलेला शेला

माझं काम बघायचं असेल तर कापड उलटं करून बघा. सुलटी बाजू मी चांगलीच दाखवतो, त्याचेच पैसे घेतो. उलट्या बाजूला दोऱ्यांच्या गाठी असतात, कागदाचे तुकडे असतात आणि मी कुठे घाई केली तेही असतं. इतक्या वर्षांत फार थोड्या गिऱ्हाइकांनी कापड उलटं करून पाहिलं. त्याचा मी फायदा घेतला. या लेखात तेच सांगायचं आहे, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो.

महाडच्या बाजारात माझं मशीन भरतकामाचं दुकान आहे. पुढच्या खोलीत संगणकावर चालणारं भरतकामाचं मशीन, मागे साधी दोन शिलाई मशिनं आणि त्यामागे मोरी. पावसाळा आला की सगळा माल माळ्यावर चढतो, कारण सावित्री नदीचं पाणी बाजारात कधी शिरेल याचा भरवसा नसतो. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या गणवेशांवर कंपनीचं नाव, शाळेच्या खिशांवर बिल्ला, नवरीच्या ब्लाउजवर मोर, आणि हल्ली गोधड्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथून मी महाडला आलो तो शिवण शिकायला, आणि इथलाच झालो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भरतकाम म्हणजे सुई आणि दोरा. खरं काम त्यांच्या खाली असतं. मशीनची सुई एका जागी इतक्या वेगाने टोचत राहते की नुसतं कापड ते सोसत नाही. प्रत्येक टाका कापडाला थोडा आत ओढतो. हजारो टाक्यांनी हजार वेळा ओढलं की फुलाभोवती चुण्या पडतात, गोल असतो तो लंबगोल होतो. म्हणून कापडाखाली आधार लावावा लागतो. शहरातले लोक त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. महाडात स्टॅबिलायझर मागितला तर दुकानदार फ्रिजचा काढून देईल. आम्ही सरळ ‘कागद’ म्हणतो, मग तो खरोखर कागद असो, न विणलेलं कापड असो, नाही तर पातळ पापुद्रा असो.

या कागदाच्या मुख्य जाती चार. एक फाडायचा: काम झालं की मागून टरकावून काढायचा. दुसरा ठेवायचा: फुलाभोवती कातरून बाकीचा तसाच आत राहू द्यायचा. तिसरा चिकटवायचा: इस्त्रीने कापडाला कायमचा बसतो. चौथा विरघळणारा: पाण्यात घातला की नाहीसा होतो. कुठला कधी वापरायचा यावर मोठाल्या चर्चा होतात, पण मला माझ्या उस्तादांनी एकच प्रश्न शिकवला होता. “मागे काय राहिलं तर चालेल, ते आधी गिऱ्हाइकाला विचार.” ताणणाऱ्या कापडाला मागे आधार राहिलाच पाहिजे. तान्ह्या बाळाच्या कुंचीत काहीही टोचणारं राहता कामा नये. जाड सुती गणवेशात राहिलं काय, न राहिलं काय, कुणाला कळत नाही.

हे मला पाठ होतं. तरीही मी काय काय केलं, ते ऐका.

आमच्या वाडीची पोरं मुंबईत आहेत, त्यांचं मंडळ आहे आणि मंडळाची क्रिकेटची टीम आहे. टीमच्या टी-शर्टवर छातीवर वाघाचं तोंड हवं होतं. टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणजे तिथे ठेवायचा कागद हवा. पण तो एकेका टी-शर्टवर बसून कातरावा लागतो. मी फाडायचा लावला आणि टराटरा फाडून ढीग मोकळा केला. पहिल्या धुण्यानंतर कप्तानाचा फोन आला.

“मनोहरदादा, आम्ही वाघ सांगितला होता ना?”

“वाघच आहे की.”

“हे उपाशी मांजर हाय दादा. तोंड असं आत गेलंय की समोरची टीम विचारते, ह्याला कावीळ झाली का म्हणून.”

मी हसलो आणि विचारलं, “गरम पाण्यात धुतलेत का रे? मशीनमध्ये पिळलेत?” कुणी तरी धुतले असतीलच. तो म्हणाला, “वहिनीनं धुतले, तिला काय माहीत.” आणि वहिनीवर ते प्रकरण मिटलं.

दुसरी गोष्ट तुडीलच्या एका बाईंची. त्यांच्या आईचं जुनं सुती लुगडं होतं, वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं. ते वरच्या बाजूला घेऊन मशीनवर गोधडी शिवून हवी होती. गोधडीत वरचं कापड, मधला थर आणि खालचं कापड एकमेकांवरून सरकतात. हाताने शिवणारी बाई ते बोटांनी सांभाळते, मशीन सांभाळत नाही. सगळीकडे लांब कच्चे टाके घालून थर पक्के करायचे आणि मग सावकाश शिवायचं, हा सरळ मार्ग. मी सोपा मार्ग घेतला. त्या लुगड्याला मागून चिकटवायचा कागद इस्त्रीने बसवला. कापड सरळ राहिलं, रेघा सुरेख आल्या. बाईंनी गोधडी हातात घेतली आणि अंगाभोवती ओढून पाहिली. ती अंगाला वळेचना.

“भाऊ, ही गोधडी हाय का दार?” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, “जुनं कापड असंच कडक होतं ताई. दोन-चार धुण्यात मऊ होईल.”

ते होणार नव्हतं. चिकटवलेला कागद निघत नाही. त्या गोधडीची घडी उचलून निघाल्या तेव्हा ती खरोखर फळीसारखी काखेत बसली होती. पायरीवर थांबून त्या म्हणाल्या, “आईचं लुगडं फार जुनं झालं होतं वो. मीच आधी आणायला पाहिजे होतं.” मी मान हलवली. हो, उशीर केलात, अशा अर्थाने.

ही माझी सवय आहे. चूक लपवणं तर सगळेच करतात. मी ती दुसऱ्याच्या पदरात घालतो, तेही गोड बोलून. यशोदाकाकीच्या बाबतीत मी तेच केलं, आणि तिथे ते फार पुढे गेलं.

यशोदाकाकी आमच्या वाडीतली. माझ्या आईची मैत्रीण. आई शेतावर असली की काकीच्या चुलीपुढे बसून मी भाकरी खाल्लेली आहे. तिचा एकुलता मुलगा किसन पोलादपूरहून आंबेनळी घाटात प्रवासी जीप चालवतो. हात चांगला, पण दारूची सवय. घाटातल्या वळणावर दारू प्यालेला चालक म्हणजे काय हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. काकी रोज संध्याकाळी रस्त्याला येऊन उभी राहायची. जीप दिसली की घरी परत. तिने देवीला नवस बोलला, किसनची दारू सुटली तर शिमग्याच्या पालखीत देवीला भरलेला शेला घालीन. किसनची दारू सुटली. नवसाने सुटली, डॉक्टरच्या गोळ्यांनी सुटली, की बायको माहेरी जाऊन बसल्याने, ते मला माहीत नाही. दिवाळीपासून त्याने थेंब घेतला नव्हता.

गेल्या शिमग्याच्या आधी काकी एसटीने महाडला आली. पिशवीत दुकानाच्या कागदी वेष्टनातला पिवळा ऑर्गंझा होता. पातळ, पारदर्शक, थोडा करकरीत.

“असा पातळच पायजे,” ती म्हणाली. “देवीचं तोंड दिसलं पायजे त्याच्यातनं. वरती कमळं काढ. काठाला वेल.”

“काढतो.”

“आणि मनोहर, कोरा पायजे हो. पाण्याचा थेंब लागता नये. धुतलेलं आपन नेसायचं, देवीला कोरं.”

“ठाऊक आहे गो काकी.”

“ठाऊक हाय म्हणू नको, कर. तुझी आई असती तर मी सांगितलं नसतं.”

मी म्हणालो, “तू काळजी करू नको. कोरा करकरीत देतो.”

आता त्या कापडाचं सांगतो. पारदर्शक कापडावर मशीन भरतकाम करणं ही सगळ्यात नाजूक गोष्ट. आधार तर भक्कम हवा, आणि मागे काहीही राहिलेलं चालत नाही, कारण आरपार दिसतं. ठेवायचा आणि चिकटवायचा कागद बाद. इस्त्रीच्या उष्णतेने भुगा होऊन जाणारी एक जात मुंबईला मिळते, पण तेवढी उष्णता या ऑर्गंझाला सोसली नसती. उरले दोन. एक, विरघळणारा: पाण्यात बुडवला की गेला, कमळ हवेत तरंगल्यासारखं दिसतं. दुसरा, पातळ फाडायचा कागद. तो फाडला तरी पाकळ्यांच्या टाक्यांत त्याचे पांढरे कण अडकतात. ते चिमट्याने एकेक काढावे लागतात. काम दिवसचे दिवस चालतं, मान मोडते, आणि घाई केली तर कापड फाटतं.

म्हणजे उत्तर स्पष्ट होतं. पाणी लावायचं नाही, तर चिमटा.

मी दुसऱ्या एका तुकड्याखाली फाडायचा कागद लावून एक कमळ काढून पाहिलं. फाडलं. कण राहिले. चिमटा घेऊन बसलो, अर्धी पाकळी झाली आणि उठलो. वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गणवेशांचा गठ्ठा पडलेला होता आणि त्यांचा माणूस रोज दारात उभा राहायचा. मी माळ्यावरून विरघळणाऱ्या कागदाची गुंडाळी काढली.

शेला मशीनवर फार सुंदर झाला. मी मोरीत बादलीभर कोमट पाणी घेतलं. माझी बायको सुनंदा दुकानात काज-बटणं करते. ती दारात आली.

“काकींनी कोरा सांगितलाय ना?”

“कमळं कोरीच आहेत. फक्त कागद जातोय.”

“पाण्यात घातल्यावर कोरं कसं?”

“सुनंदा, कापड गिरणीत बनतं तेव्हा काय पाणी लागत नाही त्याला? किती धुतात, रंगात बुचकळतात.”

“ते मला नका सांगू. काकींना सांगा आणि घाला.”

मी सांगितलं नाही. शेला बुडवला. कागद भेंडीसारखा बुळबुळीत झाला आणि गेला. दोनदा पाणी बदललं. आणि याच्या पुढचं जे केलं, ते लिहिताना मला खरी लाज वाटते. धुतल्यावर ऑर्गंझाचा तो करकरीतपणा गेला होता. काकीचा हात लागला असता तर तिला त्याच क्षणी कळलं असतं. म्हणून मी त्याला हलकी खळ दिली, बेताच्या इस्त्रीने कडक केलं, दुकानातून आल्या होत्या तशा घड्या घातल्या आणि काकीने आणलेल्या त्याच वेष्टनात ठेवून त्याची चिकटपट्टी पुन्हा चिकटवली. पाणी घाईने लागलं, असं मी कुणाला सांगू शकलो असतो. ही खळ घाईने दिलेली नव्हती. ती शांतपणे, हुशारीने दिली होती.

काकीने वेष्टन उघडलं, शेला गालाला लावला आणि म्हणाली, “कसा करकरीत हाय.”

शिमग्याला मी वाडीत होतो. सहाणेवर, म्हणजे पालखी बसवायच्या चौथऱ्यावर, पालखी आली. गुरवाने काकीच्या हातून शेला घेऊन देवीला पांघरला. पिवळ्या कापडातून मुखवटा दिसत होता आणि त्यावर कमळं नुसती तरंगत होती. मुंबईची मंडळी फोटो काढत होती. काकी ज्याला त्याला सांगत होती, “आमच्या मनोहरनं काढलाय. कोरा हाय.” किसन धुतलेला शर्ट घालून पालखीला खांदा देत होता. त्याची बायको परत आली होती. मला त्या दिवशी अभिमान वाटला, हेही लिहितो. पाण्याची आठवणसुद्धा आली नाही.

पावसाळ्यात किसनने पुन्हा घेतली. एका संध्याकाळी घाटात त्याची जीप डोंगराच्या बाजूच्या गटारात गेली. दरीच्या बाजूला गेली नाही, एवढंच. प्रवाशांना खरचटलं. जीपच्या मालकाने किल्ली काढून घेतली.

मी भेटायला गेलो. किसन आत झोपला होता. काकी पडवीत बसली होती. तिच्या पायांत भेगा पडलेल्या दिसल्या. पावसात ती अनवाणी फिरत होती.

“चपला कुठे गेल्या काकी?”

“सोडल्या. रात्रीचा भातपन सोडलाय.”

“कशासाठी?”

“देवीनं शेला घेतला नाय माझा.” ती अगदी साध्या आवाजात बोलली, जसं कुणी विहिरीला पाणी नाही म्हणतं. “नायतर सुटलेली परत लागली असती? माझ्या हातनं चुकलं रे. तुझ्याकडनं आणल्यावर मी तो ट्रंकेत ठेवला, वरती माझं जुनं लुगडं होतं. वापरातलं. त्यानंच बाटला असंल. मला येवढं कळायला नको?”

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मी म्हणालो, “तसं काही नसतं काकी.”

“तुला काय ठाऊक.”

“देवी असं बघत नाही.”

“कोरं म्हणजे कोरं,” ती म्हणाली.

मी उठून आलो. एसटीत बसल्यावर स्वतःला समजावलं. दारू शेल्याने सुटत नाही आणि शेल्याने लागत नाही. पाण्याने काय होणार? मी स्वतः नवस बोलणारा माणूस नाही. हे सगळं खरं आहे. पण मी काकीला जे दिलं ते तिने मागितलेलं नव्हतं, आणि आता त्याची शिक्षा ती भोगत होती. भात मी सोडलेला नव्हता. तुडीलच्या बाई पायरीवर म्हणाल्या होत्या, मीच आधी आणायला पाहिजे होतं. काकी म्हणत होती, मला कळायला नको? तीच चाल. मी चूक करतो आणि बायका स्वतःला दोष देतात, आणि मी मान हलवतो.

गणपतीत पुन्हा वाडीत गेलो. वाटेत सुनंदा म्हणाली, “सांगणार नसाल तर मी सांगते.” काकी आणखी वाळली होती. आता तिला वाटत होतं की ट्रंक नाही, नवस बोलतानाच तिच्या मनात अढी होती, सुनेबद्दल. रोज नवी चूक शोधून काढत होती. किसन पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. तो शुद्धीत होता. मी उभ्यानेच सांगितलं.

“काकी, शेल्याला मी पाणी लावलं होतं. बादलीत बुडवला होता. मग खळ देऊन तुला कोरा म्हणून दिला. तुझी काही चूक नाही.”

काकी माझ्याकडे बघत राहिली. तिला अर्थ लागायला वेळ लागला. किसनला लगेच लागला. तो सरळ होऊन बसला.

“बघ! बघ आये! मी सांगत नव्हतो? माझ्यात काय नव्हतं. शेलाच खोटा. ह्याच्या पाण्यानं झालं समदं!” तो माझ्याकडे बोट करून जवळजवळ आनंदाने बोलत होता. “मनोहरदादा, काय केलंस रे. माझी जीप गेली तुझ्यापायी.”

मला ते पटलं. त्या क्षणी खरंच पटलं. मी मान खाली घातली.

काकी त्याच्याकडे वळली. “गप. त्यानं पानी शेल्याला लावलं. तुझ्या घशात नाय ओतलं.”

किसन पुन्हा खांबाला टेकला.

सुनंदाने काकीच्या हाताला हात लावला, तो तिने काढला नाही. मी म्हणालो, “मी दुसरा करून देतो. कापडही मी आणतो.”

“कापड मीच आननार,” काकी म्हणाली. “नवस माझा हाय. बिनपान्याचा होतो का?”

“होतो. फाडायच्या कागदावर होतो. पण मागचे कण चिमट्याने काढावे लागतात. त्याचाच मी कंटाळा केला.”

“किती काम हाय?”

“फार.”

तिने किसनकडे पाहिलं. “नायतरी गाडी नाय. तू जा. कागद तू काढ.”

“मी? माझा हात बघ आये.” त्याने हात पुढे धरला. तो थरथरत होता.

“दिसतोय मला. जा.”

गुरवाला काकीने स्वतःच सांगितलं. म्हणजे वाडीला कळलं, आणि वाडीला कळलं म्हणजे मुंबईला. क्रिकेटच्या कप्तानाचा फोन आला. “दादा, आता आमच्या वाघाची पण उलटी बाजू बघतो हां.” मी म्हणालो, “बघ. कागद चुकीचा लावला होता. वहिनीची चूक नव्हती, तिला सांग.” तो हसायचा थांबला. मग म्हणाला, “तूच सांग. मी नंबर देतो.” मी फोन केला. ती माऊली म्हणाली, “अवो, ते मी कधीच विसरले,” आणि लगेच पुढे म्हणाली, “पण तेव्हा सगळी बोलली होती मला.” तुडीलच्या बाईंचा पत्ता माझ्याकडे नाही. त्या गोधडीचं काय झालं ते मला कळणार नाही.

काकीने तसाच पिवळा ऑर्गंझा आणला. मी पातळ कागद खाली लावला, मशीनचा वेग उतरवला, टाके थोडे विरळ घेतले म्हणजे कण कमी अडकतील. कमळं आधीइतकी भरीव आली नाहीत. मग शेला चौकटीवर ताणून किसनसमोर ठेवला आणि चिमटा दिला. तो सकाळच्या एसटीने पोलादपूरहून यायचा. पहिले काही दिवस चिमट्याचं टोक कणावर लागेना. शिव्या द्यायचा. कापडाला, कागदाला, मला.

“ह्याच्यापेक्षा आंबेनळी उलटी चढलो असतो.”

“श्वास सोड आणि मग ओढ,” मी सांगायचो. “ओढताना कापड बोटाने खालून धर.”

“तू एवढा शिकवतोस, मग तूच का नाय केलास पहिल्यांदा?”

सुनंदा पलीकडून म्हणायची, “विचार, विचार.”

मीही शेजारी बसून शेल्याच्या दुसऱ्या टोकाने कण काढत होतो. मध्ये एक-दोनदा तो आलाच नाही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी हात अधिक हालायचा. तो कारण सांगत नसे, मी विचारत नसे. मी कुठल्या तोंडाने विचारणार होतो?

शेवटचं कमळ चाललं होतं तेव्हा चिमट्याचं टोक घसरलं. ऑर्गंझाला बारीक भोक पडलं, तांदळाच्या दाण्याएवढं, पाकळीच्या अगदी कडेला. किसनने चिमटा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर घाम आला होता.

मी म्हणालो, “थांब, काही झालेलं नाही. इथे एक कळी टाकतो. वेलीतलीच वाटेल. कुणाला कळणार नाही.” आणि माझा हात दोऱ्याच्या रिळाकडे गेलासुद्धा.

किसनने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. एखाद्या दारुड्याकडे घरचे कसं बघतात, तसं तो माझ्याकडे बघत होता.

“नको दादा,” तो म्हणाला. “असाच नेऊ. सांगू तिला.”

नवरात्राच्या आधी आम्ही दोघं शेला घेऊन वाडीत गेलो. काकीने या वेळी तो गालाला लावला नाही. आधी उलटा केला. पडवीच्या कडेला उजेडात धरला आणि एकेका कमळाच्या मागून बोट फिरवलं. दोन-चार कण राहिले होते, ते तिला लागले. भोकाशी बोट थांबलं.

“हे माझ्या हातनं झालं आये,” किसन म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. मग बोट पुढे नेत, “ऱ्हाऊ दे.”

तिने शेल्याची घडी केली. पाय अजून अनवाणीच होते. आता तो शिमग्यापर्यंत नव्या फडक्यात बांधून राहील, आणि शिमग्यापर्यंत किसन कसा राहील हे कुणी सांगू शकत नाही. जीपच्या मालकाने अजून किल्ली दिलेली नाही.

“पानी?” काकीने विचारलं.

मी म्हणालो, “नाही काकी. थेंबसुद्धा नाही.”

तिने माझं ऐकलं. मान हलवली नाही. शेला मांडीवर तसाच धरून ती किसनकडे वळली आणि त्याला विचारलं,

“नाय ना रे लावलं?”

“नाय गो आये,” किसन म्हणाला. “मी समोर होतो.”

मग तिने शेला फडक्यात बांधला.